रतनबाई चाळीतला पहिला तास

कला शाखेत प्रवेश घेतलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर दवाखान्यात नंबर लावून बसल्याचा भाव असतो. तोवर बसायचं, दुसरीकडे लवकर नंबर लागला तर उठून जायचं! परळच्या आमच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि मानव्य विभागाची प्रमुखही आहे, त्यामुळे हा भाव मला तोंडपाठ आहे. जुलैत भरलेला वर्ग गणपती येईपर्यंत अर्धा होतो. गेलेली मुलं कॉमर्सला जातात, नाहीतर ज्याच्या नावात मॅनेजमेंट आहे अशा कशालाही.

यंदा मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की एक मूल हलणार नाही. मला फक्त उद्बोधनाचा दिवस माझ्या पद्धतीनं करू द्या.

उद्बोधन म्हणजे नव्या मुलांना विषयांची ओळख. ती आमच्याकडे हॉलमध्ये होते. प्राचार्य बोलतात, प्रोजेक्टर बंद पडतो, आणि ‘मानव्यविद्या म्हणजे काय’ हे ऐकता ऐकता मुलं झोपतात. मी ठरवलं, हॉल नको. मुलांना सरळ माणसांत न्यायचं. इतिहास पुस्तकात नसतो, तो दाराआड राहतो, फक्त कडी वाजवावी लागते. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते प्राचार्यांना दोनदा ऐकवलं.

शेजारच्या टेबलावर तत्त्वज्ञानाचे आल्विन सर बसतात. भायखळ्याचे. माझं सगळं ऐकून त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, “नेऊ नकोस गं बाहेर. बाहेर माणसं असतात.”

मी लक्ष दिलं नाही. तत्त्वज्ञानवाल्यांना सगळ्यात आधी खोट दिसते, असं माझं मत आहे. होतं.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एका मुलीसाठी होता. स्पृहा. पहिल्याच तासाला तिनं हात वर केला आणि विचारलं, की ज्या लोकांनी काही लिहूनच ठेवलं नाही, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? मी खडू खाली ठेवला. असा प्रश्न वर्गात कितीतरी वर्षांनी आला होता, आणि विचारणारी मुलगी उत्तरासाठी खरंच थांबली होती. तास संपल्यावर कळलं, की तिचे वडील रामदासभाऊ फोर्टातल्या एका ऑफिसात आहेत आणि त्यांनी तिला गणपतीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर या शिक्षणाचा उपयोग काय ते पटवून दे, नाहीतर मुकाट्यानं कॉमर्स. मी मनाशी म्हटलं, ही मुलगी मी सोडणार नाही.

जागाही तिनंच सुचवली. “मॅडम, आमच्या चाळीत चला ना. लालबागला. म्हातारी माणसं खूप आहेत आणि सगळ्यांना बोलायला आवडतं.”

इथं मी तिला एक प्रश्न विचारायला हवा होता. चाळीत सध्या काय चाललंय? विचारला नाही. तिनंही आपणहून सांगितलं नाही, कारण रतनबाई चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी तिच्या जन्माआधीपासून चालली होती आणि घरच्या जुन्या दमेकऱ्याच्या खोकल्यासारखी ती तिला ऐकूच येत नव्हती. बिल्डरची माणसं सर्व्हेला येणार, कोण किती वर्षं राहतंय ते बघणार, मग नव्या घराला कोण पात्र आणि कोण अपात्र ते ठरणार, याची अख्खी चाळ डोळ्यांत तेल घालून वाट बघत होती. चाळीत दोन तट होते. कमिटीचे सेक्रेटरी दौलतकाका बिल्डरच्या बाजूचे, आणि बिल्डरवर विश्वास नसलेल्यांचे पुढारी होते आमच्या स्पृहाचे वडील.

मुलांना मी कडक सूचना दिल्या. जोडीजोडीनं जायचं. कपडे नीटनेटके. गळ्यात आयकार्ड, हातात पॅड. दार वाजवून नमस्कार करायचा आणि विचारायचं, तुम्ही इथं कधीपासून राहता? घरात माणसं किती? आधी या खोलीत कोण होतं? पोटमाळा कधी काढला?

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

चाळीत शिरलो आणि मी थक्क झाले. मुलांनी दार वाजवायच्या आधी दारं उघडत होती! खुर्च्या पुसल्या जात होत्या. चहा, सरबत, चिवडा. जी माणसं कॉलेजच्या नावानं नाक मुरडतील असं वाटलं होतं, ती मुलांना हाताला धरून आत नेत होती आणि मोरीसुद्धा दाखवत होती. चौकात नळापाशी उभी राहून मी वर बघत होते आणि माझे डोळे भरून आले. मी आल्विन सरांना फोन लावला आणि सांगितलं, बघा, विचारणारं कोणी भेटलं की माणसं कशी मोकळी होतात.

“जरा जास्तच लवकर होतायत,” ते म्हणाले.

मी फोन ठेवला.

पहिल्या मजल्यावरच्या रश्मीवहिनींनी घरात माणसं किती या प्रश्नाला आतून एकेक माणूस आणून उभा करायला सुरुवात केली. शेवटी शेजारच्या घरातलं झोपलेलं बाळही त्यांच्या कडेवर आलं. मी म्हटलं, एकत्र कुटुंब! पलीकडच्या खोलीत दोन भाऊ आमची चूल वेगळी आहे हे मुलांना इतक्या तळमळीनं सांगत होते, की एकानं शेगडी उचलून गॅलरीत आणली आणि पुरावा म्हणून तिथंच ऑम्लेट टाकलं. मनू नावाचा आमचा एक उत्साही विद्यार्थी गॅलरीची लांबी पावलांनी मोजत निघाला होता, कारण मीच सांगितलं होतं की वास्तूकडे इतिहासकाराच्या नजरेनं बघा. त्याच्या मागून चाळीतली चार माणसं तीच लांबी पुन्हा मोजत होती आणि त्याचं पाऊल लहान पडतंय म्हणून भांडत होती.

मग खाली टॅक्सी येऊन थांबली. पाठोपाठ आणखी एक. ऑफिसच्या कपड्यांतली माणसं धावत जिना चढत होती आणि घरात शिरून प्रत्येकजण प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बाहेर येत होता. पिशवीत जुनी रेशनकार्डं, विजेची बिलं, आजोबांच्या नावाच्या भाडेपावत्या. मी तर हरखून गेले. अस्सल साधनं! इतिहासाच्या माणसाला जन्मभर मागून मिळत नाहीत ती साधनं लोक नोकरी टाकून घेऊन येत होते आणि मला अजूनही ते माझ्या अध्यापनपद्धतीचं यश वाटत होतं.

स्पृहाला बघायला मी दुसऱ्या मजल्यावर गेले. ती सरोजिनीआजींकडे बसली होती. आजी एकट्या राहतात. त्यांनी ट्रंकेतली कोरी साडी घाईघाईनं नेसली होती, घडीची रेघ तशीच उभी दिसत होती. त्या मालवणहून लग्न होऊन आल्या तेव्हाची गोष्ट सांगत होत्या. मालक गिरणीत रात्रपाळीला जायचे आणि मागच्या बाजूच्या संडासाशी एकटं जायला त्या घाबरायच्या, मग शेजारीण कंदील घेऊन सोबत यायची. स्पृहानं लिहायचं थांबवलं होतं. ती नुसती ऐकत होती, आणि जाते का राहते हा प्रश्न माझ्यापुरता त्या क्षणी सुटला. राहणार.

“आता काय ना,” आजी म्हणाल्या, “घरातच होईल सगळं. कडी लावली की झालं.”

मला वाक्य नीट कळलं नाही. पण खालून आवाज यायला लागले होते.

झालं होतं असं, की बिल्डरची माणसं म्हणून जे चेहरे चाळीत फिरत होते त्यात एक चेहरा ओळखीचा निघाला. रामदासची पोर! तिच्याही गळ्यात कार्ड, हातात पॅड. त्याचा अर्थ चाळीनं चहा उतू जायच्या आत काढला. रामदास फुटला. वरवर बिल्डरला शिव्या देत होता आणि आतून पोरीला त्याच्याकडे चिकटवली. कोणीतरी ही बातमी त्यांना ऑफिसात फोन करून कळवली, आणि दुसऱ्या कोणीतरी दौलतकाकांना. दोघं एकाच वेळी चौकात येऊन पोचले.

कमिटीला न विचारता सर्व्हे सुरू कसा झाला, म्हणून दौलतकाका ओरडत होते. रामदासभाऊंची माणसं रामदासभाऊंवरच ओरडत होती. आपण काय केलं, हे विचारायला ते तोंड उघडायचे आणि मिटायचे. मग त्यांना दुसऱ्या मजल्यावरून वाकून बघणारी मुलगी दिसली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि तेव्हाही गप्प बसायचं सोडून मी नळाच्या ओट्यावर चढले. शिक्षकाला उंच जागा दिसली की राहवत नाही.

मी सांगितलं, की हा सर्व्हे नाही. ही एफवायबीएची मुलं आहेत, आणि ही मानव्यविद्येची ओळख आहे.

बाळ त्याच्या खऱ्या आईकडे परत गेलं.

“म्हणजे आम्हाला काय मिळणार?” रश्मीवहिनींनी विचारलं.

“तुमच्या आठवणी जपल्या जातील,” मी म्हणाले.

“आठवणी आहेत हो आमच्याकडे. जागा नाहीय.”

मी ओट्यावरून खाली उतरले. लोक आपापल्या पिशव्या घेऊन वळले. अर्धी रजा टाकून आलेले पुन्हा ऑफिसला जायला निघाले, काहींनी मुलांकडे बघून जीभ चावली, काहींनी शिव्या दिल्या. सरोजिनीआजी कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी स्पृहाला विचारलं, “मगे ते येवचे नाय काय गो?”

स्पृहानं माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न तिनं माझ्यावर सोपवला होता आणि मी पायांतल्या चपलेकडे बघत राहिले. माणसांच्या जागेच्या भुकेशी खेळून मी मुलांना माणूस म्हणजे काय ते शिकवायला निघाले होते, आणि मला त्याची लाज वाटली. साधी, सरळ लाज वाटली.

रामदासभाऊ माझ्याशी भांडले नाहीत. ते म्हणाले, “मॅडम, मुलांना आता घेऊन जा,” आणि मी घेऊन गेले.

मी समजत होते की इथं संपलं. माफी मागायला चाळीत एकदा जाऊन यावं, असं रोज ठरवत होते. तेवढ्यात एक दिवस स्पृहा स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. आल्विन सर न सांगता उठून बाहेर गेले.

“मॅडम, सर्व्हे आला होता,” ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठले. आजींना आता घर मिळेल, असं काहीतरी बोललेसुद्धा.

ती म्हणाली, की बिल्डरनं तरुण मुलंच पाठवली होती. गळ्यात कार्ड, हातात पॅड. त्यांनी दारं वाजवून विचारलं, इथं कधीपासून राहता, घरात माणसं किती. परत कॉलेजचीच मुलं आली म्हणून एकाही घरानं दार उघडलं नाही. आणि बाबा, आपण कोणाला फितूर नाही हे चाळीला दाखवायला, स्वतः खाली गेटात जाऊन उभे राहिले. त्यांनी त्या मुलांना अडवलं, चांगलं झापलं आणि हाकललं. जाताना मायेनं सल्लाही दिला, की पोरांनो, अजून वेळ आहे, कॉमर्स घ्या. सगळी चाळ गॅलरीत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

“मग?”

“त्यांनी रहिवासी सहकार्य करत नाहीत असं वर कळवलं. आता पुढच्या इमारतीपासून सुरू केलंय. आमच्याकडे परत कधी येतील ते कोणी सांगत नाही.” तिनं खांद्यावरची बॅग नीट केली. “बाबा आता चाळीत कोणाशी बोलत नाहीत. मी कालपासून कॉमर्सला जातेय मॅडम. यावेळी मीच त्यांना म्हटलं.”

मी बरंच काही बोलले. तुझ्यासारख्या मुली रोज येत नाहीत, मी येते बाबांशी बोलायला, मी दौलतकाकांना भेटते, बिल्डरला भेटते. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. आजींचं ऐकत होती तसंच.

“बाबांचा राग नाहीय तुमच्यावर,” ती म्हणाली. “ते म्हणतात, मॅडम हुशार आहेत. त्यांना फक्त माणसं कळत नाहीत.”

मी मानव्य विभागाची प्रमुख आहे. मी तिला म्हटलं, बाबांना सांग, बरोबर आहे त्यांचं. सांगते म्हणाली, आणि अकाउंट्सच्या तासाला उशीर होत होता म्हणून पळाली.