दरमहा अठ्ठ्याऐंशी सिंह

चव्वेचाळीस पाकिटं गेली होती आणि चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस परत आली, तेव्हाच नमुनेकाकांना शंका आली. बंदराच्या कचेरीत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. एवढ्या वर्षांत व्यापाऱ्यांनी कुठलीही माहिती पहिल्याच पत्राला, वेळेवर आणि सगळ्यांनी मिळून दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी वरचं पाकीट फोडलं. ते लाकडाच्या वखारीतून आलं होतं. ‘पुढील पाच वर्षांत जुन्या धक्क्यावर आपण कोणता सुटा माल आणू इच्छिता?’ या प्रश्नापुढे सुवाच्य अक्षरात उत्तर होतं: दगडी सिंह. नग, दरमहा दोन. वजन, प्रत्येकी साडेअकरा टन. कंटेनरमध्ये मावेल का? नाही.

वखारीला सिंह कशाला लागतात, हे काकांना कळेना. त्यांनी दुसरं पाकीट फोडलं. पाईपवाल्यांनाही दगडी सिंहच हवे होते, दरमहा दोन. कागद गिरणीला दोन. काचवाल्यांना दोन. दहाव्या पाकिटानंतर काकांनी चष्मा पुसला. विसाव्यानंतर त्यांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं, की आपण कचेरीत बसलेले असताना शहरात काही नवीन टूम निघाली की काय. रस्त्यावर सिंह नव्हते.

मग त्यांना आठवलं आणि ते खुर्चीतच आकसले. फॉर्म कसा भरावा हे समजावं म्हणून सोबत एक भरलेला नमुना त्यांनीच जोडला होता. नमुन्यात लाकूड लिहावं तर पाईपवाले म्हणतील, बंदर लाकूडवाल्यांच्या बाजूचं. पाईप लिहावेत तर लाकूडवाले रुसतील. म्हणून तीन दिवस विचार करून त्यांनी असा माल निवडला होता, जो कंटेनरमध्ये मावत नाही आणि कुणी आणतही नाही.

त्यांनी वखारीत फोन लावला. “नमस्कार. तुमचा फॉर्म मिळाला. त्यात जरा... सिंह आहेत.”

“चुकलं का काही साहेब?” वखारीचा कारकून घाबरला. “वजन कमी करू?”

“नाही, वजन ठीक आहे. पण तो नुसता नमुना होता हो.”

“म्हणून तर तसाच भरला! तुम्ही अर्जखिडकीवर होतात तेव्हा तारखेखाली रेघ नव्हती म्हणून आमचा कागद चार वेळा परत केलात तुम्ही. नमुन्याप्रमाणे नाही, म्हणालात. आता बघा, रेघसुद्धा मारलीय.”

“अहो, पण तुमचा खरा माल काय?”

पलीकडून कारकुनाने आवाज खाली आणला. “साहेब, आधी एक सांगा. खरा लिहायचा, की मंजूर होईल तो?”

काकांनी फोन ठेवला. त्यांना नमुनेकाका हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. जुन्या धक्क्याच्या अर्जखिडकीवर त्यांनी वीस वर्षं काढली होती आणि भिंतीवरच्या नमुन्याशी जुळत नसलेला एकही कागद त्या खिडकीतून आत येऊ दिला नव्हता. त्यांना वाटायचं, आपण शिस्त लावतोय. शिस्त अगदी पक्की लागली होती.

एरवी त्यांनी हे फॉर्म गुपचूप परत पाठवले असते. पण या पाहणीवर जुन्या धक्क्याचं भवितव्य ठरणार होतं. शहराच्या ऐन मध्यावर असलेला तो धक्का. कंटेनरच्या खोक्यांतला माल केव्हाच नव्या बंदरावर गेला होता. खोक्यात न मावणारा, म्हणजे सुटा माल तेवढा इथे उतरायचा आणि तोही आटत चालला होता. महिन्याला हजार टनांची आशा नसेल तर धक्का बंद करून तिथे लोकांना फिरायला पायवाट करायची, असं बंदराच्या समितीचं म्हणणं होतं. आणि त्या धक्क्यावरची एकुलती एक क्रेन एकतीस वर्षं काकांचे थोरले बंधू, म्हणजे दादा, चालवत होते. धक्का बंद झाला की दादांना नव्या बंदराच्या फाटकात खुर्चीवर बसून गाड्यांचे नंबर लिहावे लागणार होते. आभाळात बसणारा आपला दादा, फाटकात! या विचाराने काकांना महिनाभर घास गोड लागला नव्हता. दादा रोज संध्याकाळी विचारत, “काय रे, होणार का बंद?” आणि काका मान खाली घालून ‘बघू’ म्हणत.

ते चव्वेचाळीस कागद उचलून मोठ्या साहेबांच्या खोलीकडे निघाले. वाटेत संगणकावरच्या बाईंनी हाक मारली.

“काका, तुमचे फॉर्म सकाळीच भरून टाकले मी. दुसरी प्रत होती ना पाकिटाबरोबर. अठ्ठ्याऐंशी सिंह, एक हजार बारा टन.”

“भरून टाकले? तुम्हाला काही... वेगळं नाही वाटलं?”

“वाटलं की! पहिल्यांदाच सगळ्यांचं अक्षर लागलं. साहेबांनी आकडा समितीला पाठवलासुद्धा.”

मोठे साहेब खुशीत होते. “या काका! हजाराच्या वर बारा टन. काठावर का होईना, पास!”

“साहेब, ते सिंह आहेत.”

“कंटेनरमध्ये मावतात?”

“नाही, पण...”

“मग सुटा माल झाला. आपण माल उतरवायचा काका, त्याच्या जातीची चौकशी करायची नाही.”

“पण महिन्याला अठ्ठ्याऐंशी सिंह शहरात ठेवणार कुठे?”

“हा पालिकेचा प्रश्न आहे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

संध्याकाळी काकांनी घरी आकडा सांगितला. नमुन्याची भानगड सांगायला जीभ रेटेना. एक हजार बारा ऐकून दादांच्या हातातला घास हातातच राहिला.

“म्हणजे बंद नाही?”

“सध्या तरी नाही.”

“बरं,” दादा म्हणाले आणि न जेवता उठले. आनंदाने जेवण जात नाही म्हणतात ते हेच, असं काकांना वाटलं. आपण हा आनंद खोट्या सिंहांवर उभा केलाय, या विचाराने त्यांनाही जेवण गेलं नाही. वहिनी दोन्ही ताटांकडे बघून म्हणाल्या, “उद्यापासून मी नमुन्यापुरतंच करते.”

समितीच्या बैठकीत अध्यक्षीणबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले. “काचेच्या कारखान्याला दगडी सिंह?”

“शोभेसाठी असतील,” साहेब म्हणाले.

“दरमहा?”

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका उभे राहिले. त्यांना चारचौघांत पाणीसुद्धा मागता येत नसे. तरी त्यांनी नमुना, खिडकी, तारखेखालची रेघ, सगळं सांगून टाकलं. बोलताना त्यांना दादांचा चेहरा दिसत होता, म्हणून ते जमिनीकडे बघून बोलले. बोलून झाल्यावर कुणी हसलंही नाही, हे त्यांना जास्त लागलं.

“आठ दिवस देते,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “पुन्हा विचारा. या वेळी नमुना नको.”

नमुन्याशिवाय फॉर्म गेला आणि शहरभर गोंधळ उडाला. दुसऱ्याच दिवशी काकांच्या टेबलापुढे चव्वेचाळीस कारकुनांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात कोरा कागद होता.

“साहेब, नमुना राहिला पाकिटात घालायचा.”

“राहिला नाही. दिलाच नाही.”

“मग लिहायचं काय?”

“तुम्हाला खरंच काय आणायचंय ते.”

पाईपवाल्यांच्या कारकुनाने मागेपुढे पाहिलं. हा काही सापळा तर नाही? मग तो हळूच म्हणाला, “पाईप.”

“मग आणत का नाही?”

“आणले होते की. पण तुमच्या भिंतीवरचा नमुना धान्याच्या पोत्यांचा. त्यात ‘एकूण पोती’ असा रकाना. आम्ही तो रिकामा सोडला तर तुम्ही तीन दिवस जहाज थांबवलंत. तेव्हापासून आम्ही पलीकडच्या बंदरात जातो.”

“आम्हीही,” मागून वखारवाला म्हणाला. “ओंडक्यांची पोती कशी मोजायची?”

“आम्ही एकदा रोलर आणले,” कागद गिरणीवाला म्हणाला, “आणि एकूण पोती ‘शून्य’ लिहिलं, तर तुम्ही म्हणालात, माल शून्य असेल तर जहाज कशाला आणलं?”

काकांनी पेन खाली ठेवलं. सुटा माल का आटला, यावर त्यांनीच गेल्या वर्षी सव्वीस पानी टिपण लिहिलं होतं. त्यात जगातली मंदी होती, समुद्रातला गाळ होता, तेलाचे भाव होते. खिडकी नव्हती.

आठव्या दिवशी बेरीज आली ती दोन हजार तीनशे चाळीस टन, आणि त्यात एकही सिंह नव्हता. समितीने धक्का चालू ठेवला. भिंतीवरचा पोत्यांचा नमुना काकांनी स्वतः स्टुलावर चढून काढला.

त्या संध्याकाळी ते जवळजवळ धावतच घरी आले. दादा पलंगावर पाय पसरून बसले होते.

“दादा! वाचला धक्का! खऱ्या मालावर! तुझी क्रेन आता कुणी काढत नाही!”

दादांनी डोळे मिटले. “आणखी दोन वर्षं?”

“पाच!”

दादा गुडघ्यांवरून हात फिरवू लागले. शेवटी वहिनींनीच तोंड उघडलं. “भावोजी, चौसष्ट पायऱ्या आहेत त्या क्रेनला. दोन्ही गुडघे गेलेत यांचे. ती फाटकातली खुर्ची महिनाभर मनातल्या मनात रंगवत होते. वर पंखा आहे म्हणे तिथे.”

काका दादांकडे वळले. “पण तू रोज विचारायचास, बंद होणार का...”

“आशेने विचारायचो रे!”

“मग बोलला का नाहीस?”

“तू एवढा जिवाचा आटापिटा करत होतास माझ्यासाठी,” दादा ओशाळून म्हणाले. “कसं बोलायचं?”

काका पलंगाच्या कडेला बसले. चव्वेचाळीस परक्या माणसांना त्यांनी आठवडाभर एकच प्रश्न विचारला होता. घरात तो विचारायचा राहून गेला. वहिनींनी मलमाची डबी पुढे केली. ती घेऊन काकांनी दादांचा पाय मांडीवर ओढला.

“कुठे दुखतं?”

“असू दे, कुठेही चोळ.”

“नाही,” नमुनेकाका म्हणाले, “नीट सांग. अंदाजाने नाही चोळणार मी.”