अमारिलोला, व्हाया डॅलस

डॅरिल पिकेटने मोठ्या ट्रकचा परवाना हातात पडला त्याच दिवशी बायकोला सांगून टाकलं, की आता कोंबडीच्या कारखान्याला रामराम ठोक. वय सत्तेचाळीस, पण ऐट नव्या नवरदेवाची. त्याचा हिशेबही अगदी साधा होता. भरती करणाऱ्या गोडबोल्या माणसाने सांगितलं होतं, की नव्या ड्रायव्हरला मैलामागे पंचेचाळीस सेंट मिळतात आणि आठवड्याला तीन हजार मैल सहज होतात. म्हणजे वर्षाचे झाले सत्तर हजार डॉलर. त्यांच्या कार्थेज गावच्या चर्चमधल्या जेवणात बटाट्याचं सॅलड वाढून घेता घेता डॅरिलने हा आकडा निदान अकरा जणांना ऐकवला.

ट्वाइलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो आकडा नुसता ऐकून घेतला. एकोणीस वर्षं ती कोंबड्यांची हाडं सोडवण्याचं काम करत होती आणि मनगटं अशी कामातून गेली होती, की घरातली बरणी उघडायची तर डॅरिलची वाट बघावी लागे. सकाळी उठल्यावर बोटं ताळ्यावर यायला अर्धा तास जाई. डॅरिलला ते बघवत नसे, आणि खरं सांगायचं तर या वयात ट्रक चालवायला निघण्यामागचं एकमेव कारण तेच होतं.

"बघू," ती म्हणाली. "गाडीत शेजारी बसून शिकवणारा खाली उतरला, तू एकट्याने गाडी चालवायला लागलास आणि पहिल्या आठवड्याचा पगार दिसला, की त्याच शुक्रवारी राजीनामा देते."

सहा आठवडे शिकवणाऱ्याचं घोरणं ऐकण्यात गेले आणि एका सोमवारी डॅरिल एकटा झाला. जवळच्या जॉप्लिनहून कुत्र्यांच्या खाण्याची पोती भरायची आणि टेक्सासात अमारिलोला नेऊन टाकायची, असं पहिलं काम मिळालं. सकाळी सहाला तो तिथल्या कारखान्याच्या दारात हजर. माल भरला गेला दुपारी एकला. सात तास बसून राहण्याचे किती मिळतात, असं त्याने शेजारच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारलं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की डॅरिलने पुढे काही विचारलंच नाही.

मैल मोजून पैसे मिळतात आणि सकाळ तर फुकट गेली, तेव्हा भरून काढायला मैलच वाढवायला हवेत, असं डॅरिलच्या डोक्याने घेतलं. सरळ रस्ता पावणेपाचशे मैलांचा होता. पण टल्सावरून दक्षिणेला वळून डॅलसवरून गेलं, तर चांगले अडीचशे मैल वाढत होते. म्हणजे वरचे शंभरावर डॉलर! ही युक्ती आजवर कुणालाच कशी सुचली नाही, याचं त्याला नवल वाटलं आणि तो शीळ घालत दक्षिणेला वळला.

संध्याकाळी उन्हं कलताना फोन वाजला. मर्ना. कुठली गाडी कुठे पाठवायची ते ठरवणारी कचेरीतली बाई. तिच्या पडद्यावर प्रत्येक ट्रक ठिपक्यासारखा दिसतो, हे डॅरिल साफ विसरला होता.

"डॅरिल, तू डॅलसच्या वाटेवर काय करतोयस?"

"अमारिलोला चाललोय."

 मर्नाने वर्गात कच्च्या मुलाला सांगावं तशा शांतपणे त्याला सांगितलं, की कंपनी त्याच्या गाडीवरचा मैलांचा आकडा बघतच नाही. जॉप्लिनच्या पोस्टापासून अमारिलोच्या पोस्टापर्यंतचं जवळात जवळचं अंतर पुस्तकात छापलेलं असतं, ते चारशे बासष्ट. "तू चंद्रावरून गेलास तरी चारशे बासष्टच मिळतील. जास्तीच्या डिझेलबद्दल साहेब तुझ्याशी वेगळं बोलतील."

पुढचं सगळं ओघानेच आलं. दिवसभरात गाडी चालवायचे कायद्याने ठरलेले तास वाटेतच संपले, थांबावं लागलं, अमारिलोला माल उतरवायची ठरलेली वेळ हुकली. गोदामवाल्यांनी त्याला गुरुवारपर्यंत आवारात बसवून ठेवलं. तो दोन दिवस थंड सँडविच खात कुत्र्यांच्या खाण्याचा वास घेत राहिला. परतीचे मैल धरून आठवड्याचे भरले नऊशे चोवीस.

शुक्रवारी दुपारी जॉप्लिनला ट्रक उभा करताना फोनवर पगार दिसला. चारशे पंधरा डॉलर ऐंशी सेंट, तेही कर कापण्याआधी. ट्वाइला हाडं सोडवून आठवड्याला सातशे आणत होती.

आणि आज शुक्रवार होता. त्याने तिला चार वेळा फोन लावला, पण कामावर बायकांचे फोन कपाटात बंद असतात. शेवटी स्वतःच्या पिकअपमध्ये बसून तो कोंबडीच्या कारखान्याकडे सुटला. पोचला तेव्हा पाळी सुटली होती. ट्वाइला फाटकातून बाहेर येत होती, तिच्या हातात केक होता आणि मागे सात-आठ बायका टाळ्या वाजवत होत्या.

 निरोपाचा केक म्हणजे सगळं संपलंच. डॅरिल खाली उतरला आणि सगळ्यांच्या देखत घडाघडा सांगून मोकळा झाला. डॅलस, पोस्टाचे मैल, चारशे पंधरा, ऐंशी सेंटसुद्धा. मी आत्ताच्या आत्ता तुझ्या साहेबाच्या पाया पडतो, पण तो राजीनामा परत घे, म्हणाला. 

 ट्वाइलाने केक त्याच्यापुढे धरला. त्यावर साखरेने ट्रक काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'डॅरिलचा पहिला आठवडा'.

"चोवीस वर्षं संसार केलाय तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "तू दोन फुटांचा मासा गळाला लागला म्हणालास, की मी एक फुटाचा तवा काढते. इथल्या चौघींचे नवरे ट्रकवर आहेत. पहिल्या वर्षी खरं काय मिळतं, ते मी तू परवाना काढायच्या आधीच विचारून घेतलं होतं."

"मग राजीनामा?"

तिने पर्समधून घडी केलेला कागद काढून दाखवला. सगळं नीट लिहिलेलं होतं, सहीसुद्धा होती. फक्त तारखेची जागा कोरी होती. तिने कागद पुन्हा जपून आत ठेवला. फाडला नाही, हे डॅरिलने पाहिलं.

पिकअपमध्ये ती शेजारी बसली, केक मांडीवर. डॅरिलने तिची बोटं हातात घेतली आणि थोडा वेळ चोळत राहिला. मग गाडी चालू करून त्याने मुकाट्याने घराच्या सरळ रस्त्याला लावली.

"नदीवरून घे ना," ट्वाइला म्हणाली.

"अगं, सहा मैल जास्त पडतात."

"पडू देत. तसंही तुला त्याचे पैसे कुठे मिळतात?"