खिशातला फ्यूज

दुपारी एक वाजला की वासुदेवभाऊ आमच्या डाळ मिलच्या मेन स्विचमधला फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकत. मशीन कण्हत कण्हत थांबायची. मग ते अंगणातल्या निंबाखाली डबा उघडत आणि सगळ्यांना हाक मारत, “जेवा बाप्पा, कायदा हाय.”

भाऊ मिलचे फिटर. मी ऑफिसात बिलं करते. अकोल्यात डाळ मिल पुष्कळ आहेत, पण अख्खी मिल बंद पाडून जेवायला बसणारा फिटर आमच्याच नशिबी आला. कामाच्या वेळांचा जो बोर्ड दाराशी टांगलेला असतो आणि जो कोणी वाचत नाही, तो भाऊ रोज सकाळी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसत. देवाचा फोटोही त्यांनी इतक्या मनापासून पुसला नसेल. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती, ही त्यातली एक ओळ त्यांना पाठ होती.

एकदा बाहेर ट्रक खोळंबला होता. शेठजी स्वतः निंबाखाली आले, आधी रागावले, मग हात जोडले. भाऊंनी ठेच्याचा घास सावकाश संपवला. “शेठ, तुमी बी बसा. काहून उपाशी फिरून राहिले?” शेठजी बसले. अर्धी भाकर खाऊन गेले आणि तिखटानं संध्याकाळपर्यंत पाणी पीत राहिले.

डाळीची चुरी झाडणारी रुखमाबाई एकादशीला झाडू घेऊन निघाली, तर तिलाही परत बसवलं. “उपास तुया हाय, सुट्टी सगळ्याईची हाय.” कोणी भरभर गिळून कोपऱ्यात पडी मारायची म्हटली, तर त्यालाही परवानगी नाही. माणूस डोक्यात जायचा, खरं सांगते.

मग शेठजींचा मुलगा शिकून आला. नवी मशीन आली, तिचं पॅनल फ्यूजसकट कुलपात. नियमही नवा: मशीन थांबणार नाही, ज्यानं त्यानं आपल्या नंबरनं अर्धा तास जेवायचं. भाऊ तावातावानं भांडायला गेले. मुलगा सरळ स्वभावाचा. आवाज न चढवता म्हणाला, “काका, अर्धा तास कोणाचाच कापला नाही. बोर्ड वाचा.”

भाऊंनी बोर्ड पुसला, दोनदा वाचला. “बरोबर हाय लेकाचं,” म्हणाले आणि आपल्या हत्यारांकडे गेले. कायदा तंतोतंत पाळला गेला आणि निंबाखालची पंगत उठली.

परवा खिडकीतून पाहिलं. भाऊ निंबाखाली एकटेच, डबा उघडा, भाकरींची चवड तशीच. मला राहवलं नाही. बिलं टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसले.

“एवढ्या भाकरी कोणासाठी, भाऊ?”

“सवय हाय.” मग म्हणाले, “तुयी काकू पोराकडं गेली पुण्याले, नातवाले पाहाले. आता तिकडचीच झाली. रूमवर टीव्हीपुढं बसतो, पन घास उतरत नाई. दिवसाचं एक जेवन तेवढं माणसाईत होत होतं, पोरी. कायद्यात आराम लिवला हाय. सोबत कुठी लिवली हाय?”

मी भाकरीचा तुकडा मोडला. रडू येत होतं, आणि राग कोणावर काढावा तेही कळत नव्हतं. सगळेच नियमानं वागत होते.

भाऊंनी माझ्या हातातला तुकडा पाहिला, मग ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. तिथं शेठजींचा मुलगा उभा होता. भाऊंनी डब्याला झाकण लावलं.

“तुया नंबर नाई अजून,” ते हळूच म्हणाले. “जाय पोरी. कायदा हाय.”