सूतिकागृहाच्या वळणाची हकीकत

॥ श्री सटवाई प्रसन्न ॥

जी पाचवीस बाळाचे कपाळी लिहिते तीस दंडवत घालून, एका राज्याचे वर्तमान, राज्याचे नाव न घेता, लिहिले जाते. शके सतराशे पंधरा, प्रमादी नाम संवत्सरे, चैत्रमासी दिवाणसाहेबांचे मनात आले की रयतेच्या लेकीसुना कोंदट खोलीत बाळंत होऊन मरतात, तरी राजधानीत सूतिकागृह बांधावे. हेतू उत्तम, परंतु संवत्सराचे नावच प्रमादी, तेव्हा प्रमाद व्हावयाचाच. मग गवंडी आणिले आणि चिरेबंदी इमारत उठविली, आणि एका टोकास बाळंतिणींची खोली, दुसऱ्या टोकास वैद्यबुवांची हत्यारांची खोली केली, आणि परपुरुषाची नजर आत पोचू नये म्हणून मधल्या बोळास पडद्याचे वळण दिले. गोजराबाई सुईण, चाळीस वर्षे मुले हातावर घेतलेल्या, त्यांस मात्र कोणी पुसले नाही. त्यांणी बोळ पाहून आपण होऊन अर्ज केला, "सरकार, बाईसकट खाट ह्या कोपऱ्यात फिरायची न्हाई." दिवाणसाहेब हसून बोलले, "बाई, तुम्ही पोरे पाहा, भिंती आम्ही पाहू."

मग खाट रोज वळणावर अडो लागली. भिंत पाडावी तर रंग नवा. सबब म्हाळू सुतार कायमचा तेथे बसविला. खाट अडली की "अडली!" म्हणून हाक व्हावी, आणि म्हाळूने येऊन ती तिरपी करून, प्रसंगी खूर तासून, काढावी, ऐसा प्रघात पडला, आणि दिवसातून चार वेळा तो शब्द ऐकून कोणी मान वर करीनासे जाहले.

पुढे श्रावणात गोजराबाईंची एकुलती लेक पुतळा पहिल्या खेपेस आली. "आये, घरीच करू या गं," ती म्हणाली, आणि गोजराबाईंनीच समजाविले, "हितं वैद्यबुवा हायती, बाळे." भर दुपारी मूल आडवे आले. लेकीस सोडून जाता येईना, मग सुइणी पिढ्यानपिढ्या जे ओरडत आल्या तेच त्या ओरडल्या, "अडली! अडली हो!" वैद्यबुवांनी ऐकिले, आणि खाट अडली असेल, म्हाळू पाहील, ऐसे जाणून औषध खलीत स्वस्थ बसले. म्हाळू खूर तासावयाचा वाकस घेऊन वळणावर गेला, तो तेथे खाट नाही, मग शोधीत खोलीच्या दाराशी येऊन बाहेरूनच पुसता जाहला, "कुठं अडली, मावशे?"

"खाट न्हाई रं मुडद्या, माझी लेक अडली!"

तेव्हा म्हाळू धावला, आणि वैद्यबुवा धावत आले, आणि "हत्यारांपाशी न्या" बोलले, आणि चौघांनी खाट उचलली, आणि वळणावर ती खरोखरच अडली. तेथेच दोन भिंतींमध्ये पुतळाने आईचा हात धरून प्राण सोडिला. मूलही गेले. म्हाळू लहान पोरासारखा रडला.

दिवाणसाहेब समाचारास आले आणि "ईश्वरेच्छा" म्हणो लागले, तो गोजराबाई बोलल्या, "द्येवाला कशाला मधी घालता, सरकार? मूल आडवं हाय, इतकं म्हनायचं मला सुचलं न्हाई. चाळीस वर्सं त्योच शब्द तोंडात." यावर दिवाणसाहेबांनी खाली मान घालून वळण पाडण्याचा हुकूम दिला.

येणेप्रमाणे घडले तैसे लिहिले, पदरचे काही नाही. वळण पाडावयास दोन गवंडी आणि अर्धा दिवस लागला.