फ्रिजमधला हिवाळा

आमच्या शेजारच्या सेतुमाधवरावांच्या फ्रिजमध्ये एक झाड झोपतं. भाजीच्या खणात, कढीपत्त्याच्या जुडीशेजारी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. दिवाळीच्या सुमारास ते झोपी जातं आणि पोंगल, म्हणजे इथली संक्रांत, झाली की उठतं. मधल्या काळात कोणी फ्रिजचं दार आपटलं, तर बाहेरच्या खोलीतून सेतुमाधवरावांचा आवाज येतो, "हळूं. तिथं हिवाळा चाललाय."

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या बदलीने तंजावरला आले, राजवाड्यामागच्या गल्लीत घर मिळालं आणि शेजारी चक्क मराठी निघाले. मला इतका आनंद झाला की पहिल्याच संध्याकाळी शिऱ्याची वाटी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. सेतुमाधवरावांनी शिरा बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या घरीं इन्व्हर्टर आहे की नाहीं, अम्मा? फ्रिज चालेल असा?" आहे म्हटल्यावर मग शिरा खाल्ला. तेव्हापासून वीज गेली की काका ती पुरचुंडी छातीशी धरून आमच्याकडे येतात. "थोडा वेळ ठेवून घ्या. पोर उकाड्यानं जागं होईल." आमची मैत्री वीजमंडळाने जोडली आहे, हे मी मोकळेपणाने कबूल करते.

पुरचुंडीत असतो आल्याच्या तुकड्यासारखा दिसणारा एक गड्डा. हिमालयातल्या रानटी आयरिसचा. उंचावरच्या कुरणांत बर्फ वितळला की याला फूल येतं. मुळांना हिवाळा मिळाल्याशिवाय तो फुलत नाही, आणि तंजावरला हिवाळा म्हणजे पंखा एक घर कमी करणे.

हे वेड शिरलं एका यात्रेत. काका आणि त्यांची बायको, रुक्मिणीअक्का, उत्तरेला गेले होते. एका घाटात बस थांबली आणि कंडक्टर म्हणाला, वर चढून गेलात तर फुलांचं कुरण आहे. अक्कांना दमा. त्या बसमध्येच बसल्या आणि काकांना म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. माझ्यामुळें तुमचं राहूं नये." काका गेले, आणि परत येऊन जे वर्णन सुरू केलं ते अजून संपलेलं नाही. गल्लीतला दूधवालासुद्धा ते पाठ म्हणून दाखवतो. कमरेएवढी झाडं, शाईसारखी निळी फुलं, वाऱ्याने सगळं कुरण एकदम वाकतं. कोणी शंका काढली की काका छाती पुढे काढून म्हणतात, "म्यां डोळ्यांनीं पाहिलंय."

आता डॉक्टरांनी अक्कांना डोंगर बंदच केलाय. तेव्हा काकांनी जाहीर केलं की फूल इथे आणून हिला दाखवणार.

डोंगरातल्या एका नर्सरीतून मागवलेले पहिल्या खेपेचे गड्डे त्यांनी स्वतःच्या हाताने मारले. काकांचा जन्म पाटबंधारे खात्यात गेला, वडिलार्जित शेती भाताची. झाड म्हटलं की या माणसाला आधी चिखल दिसतो. कावेरीचा गाळ आणून, कुंडीत बांध घालून त्यांनी गड्डे रोपासारखे रोवले आणि काठोकाठ पाणी भरलं. आठवड्याभरात ते कुजले. नर्सरीवाल्याने फोनवर विचारलं, "साहेब, पाणी किती घातलंत?" काका अभिमानाने म्हणाले, "कमी पडूं दिलं नाहीं." आयरिसचा गड्डा अर्धा मातीवर उघडा ठेवायचा, खाली खडी, पाठीवर ऊन, पाणी जेमतेम. जन्मभर कालव्याची दारं उघडणाऱ्या माणसाला झारी खाली ठेवायला शिकावं लागलं, आणि ते दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

पुढच्या खेपेला त्यांनी कुंडीभोवती बर्फ रचायचं ठरवलं. स्वस्त बर्फ कुठे मिळतो, तर मासळीबाजारात. आमची गल्ली अशी सोवळी की अंडं घेऊन जाणारा माणूस वाट वाकडी करतो. सकाळी गच्चीवर पेठेतली समस्त मांजरं कुंडीभोवती पंगत धरून बसलेली, आणि वास जिन्यातून खाली उतरून थेट अक्कांच्या देवघरात. अक्का फार बोलत नाहीत. त्यांनी सगळं घर दोनदा धुतलं आणि काकांना कापी, म्हणजे कॉफी, दिली नाही. तंजावरात नवऱ्याला याहून मोठी शिक्षा नसते. मांजरांनी उकरलेल्या कुंडीतून वाचला तो एकच गड्डा. नर्सरीवाल्याने सांगून टाकलं, "आता मी पाठवणार नाही. झाडाचे हाल बघवत नाहीत."

तोच हा फ्रिजमधला. याला फूल आलं तर अक्का ते बघणार, नाहीतर कधीच नाही.

यंदा पोंगलनंतर काकांनी तो गच्चीवर खडीत ठेवला. कोंब आला. मग पानांच्या बेचक्यात कळी दिसली आणि काकांनी गल्लीला व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. मी गेले तेव्हा अक्का एकेका पायरीवर दम घेत जिना चढत होत्या. वर बाकावर त्यांना टेकवलं आणि काकांनी कुंडीवरचं फडकं काढलं.

फूल उमललं होतं. जेमतेम वीतभर उंच. शाईसारखं तर नव्हतंच; फिकट जांभळं, त्यावर गर्द ठिपके, मधोमध पांढऱ्या-पिवळ्या केसांची रेघ. फार देखणं होतं. पण माझी जीभ कुठे गप्प बसते.

"काका, तुम्ही तर कमरेएवढं म्हणत होता. आणि निळं."

काकांनी वाकून कुंडीतली खडी सारखी केली.

"ते कसं सांगतील?" अक्का फुलावरची नजर न काढता म्हणाल्या. "ते वर गेलेच नाहींत."

मला वाटलं, दम्याने त्या भलतंच बोलतायत. काका कुंडीकडे बघतच म्हणाले, "तुला कोण सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? खिडकींतून दिसत होतांत की. चहाच्या दुकानामागें दगडावर बसला होतांत. सगळे वरून येईपर्यंत माझ्याकडंच पाहत होतांत."

"तुझा श्वास लागला होता," काका म्हणाले. "तुला सोडून कसा जाऊं? आणि गेलों नाहीं म्हटलं असतं तर तूं जन्मभर मनाला लावून घेतलं असतंस."

"सेरी," अक्का म्हणाल्या. सेरी म्हणजे बरं. "म्हणून मीही बोललें नाहीं. तुम्ही इतक्या हौसेनं सांगत होतां."

या माणसाने न पाहिलेल्या कुरणाचं एवढं वर्णन केलं ते बायकोला बोच राहू नये म्हणून, आणि तिने ते सगळं ऐकून घेतलं ते त्याला बोच राहू नये म्हणून. मला तिथून निघायला हवं होतं, पण मी कठड्याला टेकून उभीच राहिले.

अक्का बाकावर थोड्या सरकल्या. हाताने शेजारची जागा झटकली.

"या, बसा आतां," त्या म्हणाल्या. "तुम्हीही अजून पाहिलं नाहीं."