रातकिड्यांचं सुतक

रातकिड्याचं शरीर जो पूर्ण शिकतो, त्याला मेलेल्या प्रत्येक रातकिड्याचं सुतक लागतं, आणि एकाला लागलं की घरादाराला लागतं. म्हणून तर शाळेच्या पुस्तकात किडा एकाच बाजूनं छापलेला असतो. दुसरी बाजू बघायला बंदी नाही. पण शहाणी माणसं बघत नाहीत.

मालिनीबाईंच्या धाकट्या रेवानं बघितली. पंधरा वर्षांची पोर. पिठाच्या डब्यामागे तिला मेलेला रातकिडा सापडला. तो तिनं टाचण्या लावून पुठ्ठ्यावर उताणा मांडला आणि वडिलांचं जुनं भिंग घेऊन दुपारभर बसली. संध्याकाळी स्वयंपाकघरात आली ती उजळलेल्या चेहऱ्यानं.

"आई, त्याचे कान कुठे असतात माहितीये? पुढच्या पायांवर! गुडघ्याच्या जरा खाली!"

मालिनीबाईंचे कणकेतले हात थांबले. "पूर्ण शिकलीस का गं?"

"पूर्ण," रेवा म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"झुरळ तरी शिकायचंस," तिचे वडील प्रभाकरराव म्हणाले. "ते लवकर मरत तरी नाही."

त्या दिवसापासून देवापुढचा दिवा बंद झाला. रातकिडे रोजच मरतात; एकाचं सुतक फिटायच्या आत दुसऱ्याचं सुरू. थोरल्या शर्वरीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी मुहूर्त पुढे ढकलला, पुन्हा ढकलला, आणि मग निरोप पाठवला की आता आम्ही दुसरीकडे बघतो. शेवटी प्रभाकररावांनी नगरपालिकेच्या सुतक विभागात अर्ज केला. मुलीचं ज्ञान अर्धवट आहे असं निरीक्षकांनी ठरवलं, तर घर मोकळं होणार होतं.

निरीक्षक पोतनीस आले. सभ्य माणूस, चपला बाहेर काढून आला. काहीही विचारलं तरी 'माहीत नाही' म्हणायचं, असं रेवाला पढवून ठेवलं होतं, आणि तिनं तसंच केलं. डोळे कसे? माहीत नाही. शेपटाकडचे दोन काटे कशाला? माहीत नाही. पोतनिसांनी पेनाला टोपण लावलं, चहाचा कप उचलला आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "सहाच्या सहा पाय पोटाला. एवढ्या उड्या कशा मारतो बिचारा, कोण जाणे."

"छातीला," रेवा म्हणाली. "पाय छातीला असतात. पोटाला एकही नसतो."

शर्वरी उठून आत गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"वाईट वाटतं," पोतनीस म्हणाले. "पण ज्याला खरं माहीत असतं, त्याला खोटं सोसत नाही. आम्ही याच्यावरच ओळखतो."

"मग आता काय करायचं साहेब?" प्रभाकररावांनी विचारलं.

"दत्तक देता येईल. मुलगी रातकिड्यांच्या कुळात गेली की तुमचं सुतक तुटलं."

तशी जाहीर सूचना न्हाणीघरामागे लावली गेली. रातकिड्यांकडून मुदतीत हरकत आली नाही. ठरल्या दिवशी रेवाच्या ओंजळीवर मालिनीबाईंनी पाणी सोडलं आणि 'दिली' म्हणाल्या. रेवानं बोटं जुळवलीच नव्हती, त्यामुळे पाणी काही ओंजळीत राहिलं नाही. पोतनीस म्हणाले, तेवढं चालतं.

शर्वरीचं लग्न छान झालं. रेवाच्या नव्या माणसांना घर नव्हतं, म्हणून ती परसातल्या खोलीत पाहुणी म्हणून राहू लागली. आधी सगळं घर एकाच सुतकात होतं, तेव्हा मालिनीबाई तिची वेणी घालत. आता घर मोकळं आणि ती एकटी सुतकात, म्हणून तिला शिवता येत नव्हतं. ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचं. एकदा पोरीला ताप चढला, तर मालिनीबाई दाराबाहेर उभ्या राहून सांगत होत्या, "घडी ओली कर. पीळ. आता कपाळावर ठेव. जमतंय का गं?"

"जमतंय, काकू," आतून आवाज आला. आई म्हणायची सोय उरली नव्हती.

त्या दुपारी मालिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी रातकिडा शिकते. मीपण त्यांच्यातली झाले की मला तिला जवळ घेता येईल."

"शर्वरी दिल्या घरी गेली," प्रभाकरराव म्हणाले. "आता लागू दे सुतक. मला कुठे मिरवायचंय?"

रेवानं उंबऱ्यावर पुठ्ठा ठेवला. ती आतून सांगायची, मालिनीबाई बाहेरून बघायच्या. मॅट्रिकनंतर त्यांनी काही पाठ केलं नव्हतं. भाकरी थापताना त्या पुटपुटत, भांडी घासताना चुकत, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणत.

रातकिड्यांशी नातं लागायला पोतनिसांच्या कचेरीत परीक्षा द्यावी लागे; तिथे त्या इस्त्रीचं पातळ नेसून गेल्या. रेवा बाहेर आवारात थांबली.

"कान?"

"पुढच्या पायांवर. गुडघ्याखाली."

"हृदय?"

"पाठीलगत. लांब नळी असते."

"पाय कुठे?"

"छातीला," मालिनीबाई म्हणाल्या, आणि पोतनीस जरा हसले. त्यांनाही त्या पास व्हायला हव्या होत्या.

"श्वास कुठून घेतो?"

हे त्यांना सगळ्यांत पक्कं येत होतं. पण समोरच्या खिडकीतून रेवा दिसत होती. ओठ हलून उत्तर सांगितल्यासारखं होऊ नये म्हणून ती पाठमोरी उभी राहिली होती. आता राहवेना म्हणून वळली होती. ती रडत होती. लहानपणी रडायची तशीच, तोंड उघडं टाकून.

"तोंडानं," मालिनीबाई म्हणाल्या. "रडली की नाक चोंदतं तिचं. मग तोंडानंच घेते."

पोतनिसांचं पेन थांबलं. "बाई, मी रातकिड्याचं विचारलं."

"हो."

"चूक धरावी लागेल."

"पुन्हा कधी बसता येईल?"

"नात्याची परीक्षा एकदाच असते," पोतनीस म्हणाले, आणि त्यांनी स्वतः उठून दार उघडलं.

"काय झालं, काकू?" रेवानं लांबूनच विचारलं.

"श्वासाला चुकले."

"पोटाच्या कडांना बारीक छिद्रं असतात. सकाळीच सांगितलं होतं मी."

"हो गं. सांगितलं होतंस."

सुतकातल्या माणसानं रस्त्याच्या डाव्या कडेनं चालायचं असतं. रेवा डाव्या कडेनं निघाली आणि मालिनीबाई उजव्या.