हात नोको लावा, निरोप मरते

पुतण्याच्या लग्नात गजभिये सरांनी नवरानवरीवर फुलं टाकली, ती निळे रबरी हातमोजे घालून. फोटोत ते ऑपरेशन अर्धवट सोडून धावत आलेल्या सर्जनसारखे दिसतात. हात मिळवायला पुढे आलेल्या व्याह्यांना त्यांनी दोन पावलं मागे सरून जय भीम केला. व्याही अजून रुसलेले आहेत.

भंडाऱ्यात सर माझे शेजारी आणि विद्यापीठात सहकारी. मी इतिहास शिकवतो, ते आरएनएवर संशोधन करतात. रोज माझ्या गाडीतून आम्ही जातो. दाराला हात लावला की मोजे बदलावे लागतात, म्हणून त्यांच्या बाजूचं दार मी उघडतो. फाटकावरचा नवा चौकीदार बरेच महिने मला त्यांचा ड्रायव्हर समजत होता. सरांनी त्याचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

"अजी, गाडीत कायले पायजेत मोजे?" मी एकदा विचारलं.

"बोटावर आरएनए खाणारं विकर असते, सर. साऱ्याईच्याच असते. तुमच्या त जास्तच असन, तुम्ही जुन्या दप्तरात हात घालता. एक बोट लागलं का निरोप मेला."

निरोप हा त्यांचा आवडता शब्द. कोणालाही, अगदी पानठेल्यावरसुद्धा, ते समजावून सांगत. "डीएनए म्हंजे धानाच्या बांधीचा मालक. तो घर सोडून येत नाही. निरोप धाडते, अमुक बांधीत अमुक धान लावा. तो निरोप म्हंजे आरएनए. निरोप मधातच मेला, त रोवणी बंद." पानवाला मान डोलवायचा आणि सरांना पान कागदात गुंडाळून द्यायचा.

प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. त्यांना हातात नळी धरून फोटो हवा होता. "साहेब, हात नोको लावा, निरोप मरते," सर म्हणाले. कुलगुरूंचा चेहरा पडला. मग सरांनी खिशातून एक रिकामी नळी काढून दिली. पाहुण्यांनी ती उजेडाकडे धरून "अद्भुत!" म्हटलं. कुलगुरूंनाही ती अद्भुत वाटली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण सरांचं काम तसं नव्हतं. आमच्या भागात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि माणूस दुखण्यानं तळमळतो. पोटातल्या बाळाच्या रक्तात वेगळं, निरोगी हिमोग्लोबिन असतं; जन्मानंतर ते झोपी जातं. त्याला झोपवणारा निरोप एका छोट्याशा आरएनएनं वाटेतच अडवायचा, म्हणजे ते पुन्हा जागं होईल, असा सरांचा बेत. चाचणीसाठी पेशी होत्या अड्याळच्या त्यांच्या थोरल्या बहिणीच्या. सर त्यांना बाई म्हणतात; त्यांना सिकलसेल आहे. लहानपणी माय रोवणीला गेली की सरांना काखेत घेऊन फिरणाऱ्या त्याच.

दसऱ्याआधी सरांनी त्या पेशींतला आरएनए काढून फ्रीजरमध्ये ठेवला. सुट्टी संपल्यावर कळणार होतं, निरोप अडला की नाही.

दसऱ्याला सर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गेले. इकडे वासुदेव परिचरानं यंत्रपूजा केली. दरवर्षी तो यंत्रांना बाहेरून हळदकुंकू लावायचा. या वर्षी सरांचं काम मोठं आहे, हे त्याच्या कानावर आलं होतं. म्हणून त्यानं नळ्या फ्रीजरमधून काढून पाटावर मांडल्या, प्रत्येकीचं झाकण उघडलं, आत एकेक अक्षत टाकली आणि हार घालून तशाच ठेवल्या. पूजा मांडल्यावर हलवायची नसते.

दुसऱ्या दिवशी सर दारातच थांबले. वासुदेव प्रसाद घेऊन पुढे आला.

"तुमच्या कामाले यश यावं म्हणून केलं, सर."

मला वाटलं, आता भडका उडणार. सरांनी मोजा घातलेल्या हातात खोबरं घेतलं. "पुढच्या वर्षी बाहेरूनच करजो, वासुदेवभाऊ," एवढंच म्हणाले. गाडीत मात्र फक्त एकदा पुटपुटले, "बाईले पुन्हा सुई टोचा लागन."

रविवारी कारध्याचा पूल ओलांडून आम्ही अड्याळला गेलो. रक्ताचा नमुना आणायचा बर्फाचा डबा माझ्या मांडीवर. गाडी चालवायला सरांच्या मुलाला आणलं होतं. बाई खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडल्या होत्या. थंडीची चाहूल लागली की त्यांचं दुखणं उठतं. सर खाटेपासून हातभर दूर उभे राहिले.

"पुन्हा रगत द्या लागन, बाई. मागचं वाया गेलं."

"घेजो ना. सारं तुह्यासाठीच आहे." बाईंनी डोळे उघडले. "पन काहून रे, तू येतेस तवा रबरच घालून येतेस. तुहा हात कसा आहे, तेच भुलली मी."

"अवो, निरोप..."

"मी का निरोप आहो का, हात लावल्यानं मरन?"

सरांनी एक मोजा काढला, मग दुसरा. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ते हात उजेडात पाहिले. पांढुरके, सुरकुतलेले, जास्त वेळ पाण्यात राहिल्यासारखे. ते खाटेच्या कडेवर बसले आणि बाईंचे सुजलेले सांधे हळूहळू चोळू लागले.

"गरम आहेत रे," बाई म्हणाल्या. "रगत पुढच्या आयतवारी घेजो."

रक्त काढायला बोलावलेल्या नर्सबाई दारात आल्या. सरांनी मानेनंच नको म्हटलं. थोड्या वेळानं बाईंचा श्वास सावकाश झाला, त्यांना झोप लागली. त्यांची बोटं मात्र सरांच्या हातातच होती.

मांडीवरच्या डब्यातून माझ्या विजारीवर पाणी टपकू लागलं.

"बर्फ वितळून राहिला, सर," मी हळूच म्हटलं.

सरांनी वर पाहिलं नाही.

"वितळू द्या."